दोन तोंडाची तार

— नाही नाही ताई, तठी नका बसू, त्या खुर्चीचा पाय हालते. अठी या, पंख्याखाली. धाप लागली काय? स्टँडावरून पायीच आल्या? अवो मायबाई, वामनरावांची बायको अन् मारेगावच्या रस्त्यानं पायी! पयले तं तुमची गाडी माह्या दुकानाच्या पायरीले टेकत होती, हॉर्न वाजला का मीच पदर खोचत बाहेर येत होती — काय पाहिजे ताई, बोला ताई. दिवस पाहा कसे असते. पाणी घ्या. घ्या हो, माठातलं हाय. कापसाची वेचणी सुरू हाय ना तुमच्याकडे? बाया भेटत नाही म्हणता — अन् भेटून कराचं काय यंदा, लाल्या रोगानं पऱ्हाटी अशी भाजली का दोन वेचण्यात हंगाम खलास, उलंगवाडी. त्याच्यानं तं लग्नं पण सारी सामूहिक होऊन राह्यली, एका मांडवात ढीगभर जोड्या, कोण शूटिंग करते अन् कोण माह्याकडे व्हिडिओ मिक्सिंगले येते! आमचे हे दिवसभर कॅमेरा पुसत बसते. म्हणून म्हणते, घाई करू नका, मले टाइमच टाइम हाय. तुमच्यासाठी तं लयच हाय.

हो हो, हाय ना डबी, ते तुमची हार्ड डिस्क. अठीच हाय, कोठं जाते ते. हे पाहा, तुमच्याच रुमालात गुंडाळलेली, जशी देल्ली तशी. लावून पाहू म्हणता? परत? लावते ना, तुमचं समाधान होऊ द्या. ही तार हिच्यात घातली, अन् हे दुसरं टोक कॉम्प्युटरच्या समोरच्या पोर्टात. दिवा लागला ना? निळा. दिवा पाह्यला का जीवात जीव येते माणसाच्या. आता कान अठी आणा — ऐकू आलं? टिक. … टिक. … टिक. अन् झाली चूप. कॉम्प्युटर म्हणते, मले काही दिसलंच नाही बाप्पा. कवापासून असं करते म्हणत होत्या तुमी? — हो, आखाडात वामनराव गेले, तेरवी झाली, पाहुणे गेले, अन् आयुष लावाले गेला तं टिकटिक. सांगतलं होतं तुमी, मांगंही सांगतलं होतं. पण तुमच्या तोंडून ऐकलं का मले बरं वाटते. म्हणजे — नीट समजते, असं म्हणाचं होतं मले.

यवतमाळचा दुरुस्तीवाला काय म्हणे? मेली म्हणे. मुंबईले पाठवा म्हणे, तरी भरोसा नाही म्हणे. मंग मी काय सांगतलं तुमाले पयल्या दिवशी? मीही तेच सांगतलं — कठीण हाय ताई, पाहते, ठेवून जा. अन् तुमी ठेवून गेल्या. चांगलं केलं. सलोनीचं लग्न जर का पयलेच माह्याकडे आणलं असतं ना, तं आज तुमाले असं दारोदार फिराची पाळीच येत नव्हती. आमी काय करतो, एक कॉपी मशिनीत राहू देतो, एक सीडीवर टाकतो, अन् गिऱ्हाइकाच्या हातात पूर्ण पिक्चर गेल्याशिवाय कॅसेट पुसत नाही. शूटिंगवाल्याचा कायदाच हाय तो. पण तुमचा आयुष शिकलेला! त्यानं सारं लग्न या डबीत भरलं, अन् कॅसेटा शूटिंगवाल्याले वापस देऊन टाकल्या, अन् शूटिंगवाल्यानं त्याच कॅसेटांवर दुसऱ्याची हळद चढवली. झालं. आता सलोनीची पाठवणी कोठं हाय? या डबीत. वामनराव फेटा बांधून मांडवात फिरून राह्यले, आचाऱ्यावर खेकसून राह्यले, लेकीच्या गळ्यात पडून रडून राह्यले — ते कोठं हाय? या डबीत. भिंतीवर फोटो हाय ना तुमच्या, हार घातलेला, पण फोटो बोलते काय? बोलत नाही. तुमाले आवाज पाहिजे त्यायचा. ‘विमल’ म्हणून हाका मारत होते ना मांडवभर, अवो विमल, किल्ल्या कोठं ठेवल्या — ते पाहिजे तुमाले.

कसं माहीत म्हणजे? तुमीच सांगतलं असन. हं… नाही सांगतलं? किल्ल्यांचं नाही सांगतलं? मंग असंच म्हटलं असन मी, लग्नात कोणाच्या किल्ल्या हरवत नाही. पाणी घ्या अजून.

एक गोष्ट आठवते काय तुमाले, ताई? तुमी याच दुकानात कितीदा येऊन बसत होत्या. सोयरिकी जुळवासाठी. आपल्या भागात पोरगी पाहाले जाच्या आंधी लोकं काय करते, दुसऱ्याच्या लग्नाची सीडी पाहते — कोणाची पोरगी कशी चालते, कशी हासते, पंगतीत वाढते का नुसती मिरवते. अन् त्या कामात तुमच्यावाणी नजर कोणाची नाही. थांबव कौसल्या. मांगं घे. अजून मांगं. हे पिवळ्या साडीवाली कोणाची? मी मशीन थांबवत होती अन् तुमी पोरीचं कुळ-मूळ सांगत होत्या. अर्ध्या तालुक्याची लग्नं तुमी या पडद्यावर जमवली, अन् मी एक रुपया मांगतला नाही कवा, चहा माह्या घरचा. कारण काय, मले वाटे, आपल्याही घरी एक पोरगी मोठी होऊन राह्यली. उद्या तिच्यासाठी हेच डोळे कामी येईन. वाटलंच ना मले! माणसाले वाटते ताई, काय करणार.

अन् आलेही कामी. मी नाही म्हणत नाही. उमरखेडचे उकंडाजी तुमच्याच ओळखीचे, त्यायचा रवी जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर, पोरगं शांत, सुपारीचं व्यसन नाही. तुमीच नाव आणलं. त्यायनं माह्या मोनालीले पाह्यलं, पसंत केलं, मोनाली डी.एड.ले होती तवा, मास्तराले मास्तरीण म्हणून उकंडाजी खुश. दोनशे किलोमीटरवरचे लोकं, त्याईले आमच्याबद्दल काय माहीत? मधात विमलताई हाय, बस. तुमच्या शब्दावर चालले होते ते. अन् मंग — मंग तुमच्या ध्यानात आलं, का अरे, पोरगं तं लय चांगलं हाय, अन् आपल्या घरी सलोनी बसली हाय. आता मान हालवू नका. हालवू नका म्हणते ना मी! तुमी उकंडाजींना फोनवर सलोनीसाठी इचारलं, ते मले त्यायनंच सांगतलं.

अन् त्यायनं मोनालीले नाही म्हणावं म्हणून तुमी काढली वरातीतली ती क्लिप. माह्या नणंदेच्या पोराची वरात, शूटिंग आमच्याच ह्यांचं, मिक्सिंग माहं. मोनाली बायांत नाचली — नाचली तं काय झालं, घरची वरात, आत्याच्या पोराचं लग्न, तठी नाही नाचाव तं कोठं नाचाव पोरीनं? अन् तिकडून तिचा मामेभाऊ विक्की नाचून राह्यला होता. तुमी म्हणाल्या, कौसल्या, पोराकडचे मागून राह्यले पोरीचं काही, दे त्या वरातीची सीडी. देल्ली मी. हासत देल्ली. अन् तुमच्या आयुषनं घरी बसून काय केलं? मोनालीचं तोंड इकडून कापलं, विक्कीचं तिकडून, दोन्ही जवळ आणले, भवताल लाल बदाम काढला, गाणं टाकलं, असं हळूहळू हालते असं केलं — मले नका सांगू ताई, जन्म गेला माह्या या धंद्यात. माह्या सीडीत त्या दोघायच्या मधात माह्यी सासू उभी होती! एवढी मोठी नऊवारीतली बाई, हातात आरतीचं ताट. कापून टाकली! त्या वरातीनंतर वारलेल्या बाईले मधातून काढून टाकलं तुमच्या पोरानं, अन् तुमी ते मोबाइलवर घेऊन उमरखेडले गेल्या.

त्यायनं सुपारी वापस पाठवली, तेवढंच असतं तं मी गिळलं असतं. पण ते क्लिप ब्लूटूथनं साऱ्या तालुक्यात गेली. एसटीत पोट्टे मांगच्या सीटवर बसून वाजवत होते ते गाणं, मोनाली चढली का. फक्त गाणं. तिले काही म्हणत नव्हते, नुसतं गाणं. तिनं कॉलेज सोडलं. दीड वर्ष बाकी नव्हतं ताई, थोडंच राह्यलं होतं, मास्तरीण झाली असती. आता दुपारी शिवणक्लासले जाते डोक्यावरून ओढणी घेऊन अन् गल्लीतून गल्लीतून वापस येते. मी तिले गाताना ऐकलं नाही तवापासून. अन् मी गप बसली नाही, हे तुमाले माहीत हाय. माही पूर्ण सीडी घेऊन मी तुमच्या घरी आलती. तुमी आतच होत्या, बांगड्या वाजत होत्या तुमच्या सैपाकघरात. वामनराव बाहेर आले. मी म्हटलं, भाऊ, एकदा पाहून घ्या, मधात माह्यी सासू हाय, खरं काय ते पाहा. त्यायनं माह्याकडे पाह्यलं — चांगला माणूस होता, खोटं नाही बोलणार मी — खाली मान घातली, पायात चपला घातल्या अन् वावराकडे निंगून गेले. बस. चांगला माणूस! असा चांगुलपणा काय जाळाचा हाय?

काय म्हणाल्या? मोठ्यानं बोला. झालं गेलं गंगेले मिळालं? तुमचं मिळालं असन ताई. तुमची सलोनी वणीले नांदून राह्यली, जवायाची गाडी हाय, मिळालंच म्हणा गंगेले. माहं कोठं मिळालं? माहं तं घरात बसून ब्लाउजले हुक लावून राह्यलं! अन् तुमी अठी येऊन डोळ्याले पदर लावता — कौसल्या, कर बाई काही, एकदा त्यायचा आवाज ऐकू दे, मले झोप लागत नाही. सांगू खरं? तुमाले रडताना पाह्यलं ना, का मले गोड लागते रात्रीचं जेवण. अशीच बसा, अशीच रडा, म्हणून तं मी तुमाले आज या, उद्या या करून राह्यली. नाही तं कायची मेली हे डबी? काही मेली बिली नाही! धडधाकट हाय. उपाशी हाय ते, उपाशी! पोटाले भेटत नाही तिले. तुमच्या वावरात लाइनच्या टोकावरची मोटार कशी करते — व्होल्टेज नसलं का नुसती गुं गुं करते, पाणी उचलत नाही, तं काय मोटार जळाली म्हणता तुमी? तेच हाय हे. हिले वेगळी लाइट नसते, कॉम्प्युटरच्या एका पोर्टातून जेवढा करंट भेटते तेवढ्यावर जगते. समोरच्या पोर्टाले आतून बारीक तार असते, लांबून येते, करंट अजून कमी होते. दिवा लागाले पुरते, चकती फिरवाले पुरत नाही. उठते, पडते, उठते, पडते, तेच ते टिकटिक. तिले मांगच्या पोर्टात लावा लागते, अन् दोन तोंडाची तार लागते — एक तोंड एका पोर्टात, दुसरं शेजारच्या, दोन्हीकडून करंट घेतला का अशी सुरू होते जशी नवीन नवरी. ती तार डबीसंगंच येते पॅकिंगमंधी. तुमच्या आयुषनं दोन तोंडं कायले म्हणून फेकली असन. पयल्याच दिवशी तुमी पायरी उतरल्या अन् मी लावून पाह्यली. सारं पाह्यलं मी. हळद पाह्यली, पाठवणी पाह्यली, किल्ल्याही पाह्यल्या.

…

सांगून बसली ना मी.

बसा. कोठं चालल्या? ताई — ताई, तो रुमाल ठेवा खाली. आता तुमाले वाटते, तारच तं लागते, यवतमाळले कोठंही भेटन. भेटते. खरं हाय, भेटते, माह्याकडेच काही सोन्याची नाही. जा. आज जा, यवतमाळले पोहोचाले संध्याकाळ, दुकान उघडं असलं तं असलं, मंग आयुष सुटीत येईन तवा तो लावून देईन. अन् अठी तं आत्ता दिसते. आत्ता. थांबा, फक्त पाहून जा, मी हात लावत नाही तुमाले. हे तार पाहा, हेच ते, हे एक तोंड मांगं गेलं… हे दुसरं गेलं… ऐका. टिक नाही. ऐकलं? गरगर फिरून राह्यली. हे आली पाहा डबी पडद्यावर, ‘सलोनी शुभमंगल’ नाव देल्लं हाय तुमच्या पोरानं. आता याच्यात हळद, सीमान्त पूजन… हे.

पाहा.

फेटा तिरपा बांधला ना त्यायचा? मले पयल्या दिवशी तेच दिसलं. आचाऱ्याले म्हणते पाहा, बुंदीले हात आखडता घेऊ नको, कापसाले भाव नसला म्हणून काय पाहुण्याले उपाशी पाठवतो का. हासले. हे पाहा, आता तुमाले हाक मारते. आली. ‘अवो विमल!’ … रडा. रडा ताई, आज मी काही म्हणत नाही. पडद्याले हात लावू नका, बोटं उमटते.

आता माह्या हाताकडे पाहा. हा हात कोठं हाय? तारेवर हाय. आतली चकती फिरून राह्यली, तिच्यावर सुई चालून राह्यली. अशी चालू असताना मी दोन्ही तोंडं सपकन ओढली ना, अन् डबीले वरून एक टिचकी मारली ना, तं सुई चकतीवर बसते, घासते, अन् मंग मुंबईवालाही हात जोडते. आजपरेंत मेली म्हणून खोटं बोलली मी. खरं कराले मले एक झटका लागते. नाही, हात पकडू नका माहा! बसा तठीच. तुमी माह्या सासूले मधातून कापलं, मी वामनरावाले कापन. पाहाचं हाय? मले वाटत नाही काय का करू? पयल्या दिवशीच करणार होती. या पडद्यापाशी बसून, चहा पेत, ‘अवो विमल’ ऐकत बसली होती, अन् बोट तारेवर होतं. काहून नाही केलं सांगू? काम होतं तुमच्याशी. नाक दाबलं का तोंड उघडते म्हणते ना, तुमचं तोंड उघडाचं होतं मले.

ऐका नीट. पोळ्याच्या वक्ताले उकंडाजी आमच्या ह्यांना वणीच्या बाजारात भेटले. रवीचं लग्न झालं नाही अजून. तुमच्या सलोनीले त्यायनं हो म्हटलं नाही अन् दुसरीकडेही पोरगं मान वर करून पाहत नव्हतं. उकंडाजी म्हणे, पोराच्या मनात तुमचीच पोरगी हाय, पण मले चार पाहुण्यात बसाचं असते. ज्या बाईनं ते दाखवलं, त्या बाईनं एकदा आपल्या तोंडानं म्हणावं का ते खोटं होतं, बस, मी वरात घेऊन येतो. जास्त थांबणं होत नाही म्हणे — पोराचा बाप हाय, असं म्हणाच लागते. तुमचा एक शब्द, ताई! मी तुमच्याकडे येणार होती. खरंच येणार होती, पाया पडणार होती. तेवढ्यात दसऱ्याले तुमीच आल्या, रुमालात हे डबी घेऊन, अन् तुमाले अडलेलं पाह्यलं अन् मले वाटलं — आता काहून पडू मी पाया? आता थोडं शिजू द्या बाईले. गूळ पाकात येऊ द्या. फेऱ्या मारू द्या, पायी मारू द्या. मंग सांगन. आज सांगून राह्यली.

फोन काढा. नंबर हाय तुमच्यापाशी, साऱ्या जिल्ह्याचे नंबर हाय तुमच्यापाशी. स्पीकरवर टाका, मले ऐकू आलं पाहिजे. लावा म्हणते ना! तुमी बोलान तवरी वामनराव अठीच थांबते पडद्यावर, मी थांबवले त्याईले, पाहा, तोंड उघडं हाय, पुढं काय म्हणते ते फोन झाल्यावर ऐका. … लागला? वाजून राह्यला. हं. कचरू नका, त्या दिवशी उमरखेडले जाताना नव्हत्या कचरल्या. उचलला. बोला. राम राम म्हणा पयले. … तब्येत नका इचारू, कामाचं बोला. … हं. नाव घ्या. पोरीचं नाव घ्या… मोनाली म्हणा, ‘त्या पोरीचं’ काय म्हणता! … हं. खोटं होतं म्हणा… जोडलं म्हणा. कोणं जोडलं? … माह्या पोरानं म्हणा… हो. हो! अन् मी दाखवलं म्हणा, मले माहीत होतं म्हणा… म्हटलं. म्हटलं बाईनं! माय वं, म्हटलं एकदाचं. रडू नका, पूर्ण ऐका काय म्हणते ते. चूप, चूप बसा, ऐकू द्या.

काय म्हणे?

नाही, आवाज फाटून राह्यला, मले नाही समजलं. परत इचारा. कोणाचं साक्षगंध, कोणाची सोयरीक पक्की झाली? … रवीचं काहून? रवीचं कसं होईन — त्याईले इचारा कवा. कवा म्हणते? इचारा ना!

सोमवारी.

ह्या सोमवारीच झालं? … ‘पोळ्यापासून वाट पाह्यली’ म्हणे? असं म्हणे ते? … ठेवा. ठेवा फोन. ठेवा म्हटलं ना, मले नाही बोलाचं त्यायच्याशी, काय बोलू मी, अभिनंदन करू?

सोमवारी तुमी अठीच होत्या ना ताई. हो, अठीच होत्या. मी म्हटलं होतं लाइन गेली हाय, काही होत नाही आज. लाइन होती. मेन बटन मीच बंद केलतं. तुमी पदरानं वारा घेत बसल्या दुपारभर, अन् मी आतल्या दाराच्या पडद्यामांगं उभी राहून पाहत होती. हासत होती मी. तिकडे उमरखेडले कुंकू लागून राह्यलं होतं, अन् मी अठी हासत होती… दसऱ्याले म्हटलं असतं तं दसऱ्यालेच केला असता तुमी फोन. पयल्याच दिवशी तुमी माह्या पायाले हात लावाले निंगाल्या होत्या. एक तार लावली असती मी, अन् एक शब्द मांगतला असता. मले जेवण गोड लागून राह्यलं होतं.

नका. काही बोलू नका. हात नका ठेवू खांद्यावर, दया तं तुमची अजिबात नको मले. माफ केलं असं नका समजू, मेल्यावरही करणार नाही.

हे घ्या. डबी घ्या, रुमालात नीट गुंडाळा. तार पण घ्या, दोन्ही तोंडं मांगंच लावा म्हणा, समोर नाही, आयुषले बरोबर सांगजा, नाही तं परत मेली म्हणून बसन तो. नीट चालन. जन्मभर चालन. ऐका बसून ‘अवो विमल’, रोज ऐका. पैसे कायचे? ठेवा ते. निंगा आता. क्लास सुटला असन, मोनाली येईन, तिले तुमी अठी दिसू नका. तिले मी — मी काय सांगन ते सांगन. निंगा ना बाई, निंगा.